कढीपत्त्यावरचा कोश आणि येऊरचं रान

(ठाण्यातल्या एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. बोलायला सुरुवात करण्याआधी ही बरणी पहिल्या रांगेपासून मागे फिरवत न्या. तोंडाला मलमलीचं फडकं बांधलंय, ते मात्र सोडू नका. आत कढीपत्त्याची डहाळी आहे आणि डहाळीला एक कोश चिकटलाय. त्या कोशातून फुलपाखरू बाहेर आलेलं नाही, आणि आता येणारही नाही. नीट बघितलंत तर कोशाच्या कुशीला टाचणीनं पाडावं तसं एक भोक दिसेल. बरणीच्या तळाशी तिळाएवढे, हिरवट चमकणारे कीटक फिरताहेत. ते सगळे त्या एका भोकातून बाहेर पडले.

ज्यांच्या गॅलरीत कढीपत्त्याची किंवा लिंबाची कुंडी आहे त्यांना ही अळी चांगली माहीत असेल. लहान असताना पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचली की डोक्यामागून दोन मऊ शिंगं काढून उग्र वास सोडते. या पावसाळ्यात माझ्या कुंडीवर अशा पाच अळ्या होत्या. त्यातली सगळ्यात मोठी एके दिवशी खाणं सोडून डहाळीवर स्थिर बसली, अंगाभोवती रेशमाचा धागा बांधला. संध्याकाळी दिवा लावायला गेले तेव्हा तिच्या पाठीवर एक बारीकशी हिरवी माशी बसलेली दिसली. अळीनं अंग झटकलं तरी ती उडाली नाही. रात्री झोपण्यापूर्वी टॉर्च लावून पाहिलं तर तिथेच. सकाळी अळीची कात गळून पडली, आतला ओलसर मऊ कोश उघडा झाला आणि ती माशी दोन पावलं पुढे सरकून त्याच्या अंगात आपली अंडनळी खुपसत होती. कोशाचं कवच काही तासांत टणक होतं, मग तिची नळी आत जात नाही. तेवढी एक घटका साधायची म्हणून ती रात्रभर ताटकळली होती. तिचं शास्त्रीय नाव प्टेरोमॅलस प्युपॅरम. मी चाळीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पण त्या सकाळी चहा निवून गेला तरी मला तिथून हलवलं नाही.

आजचा विषय या माश्यांचा आहे. इंग्रजीत यांना पॅरासिटॉइड म्हणतात. आपल्याकडे शेतीच्या पत्रकांत ‘परोपजीवी मित्रकीटक’ असा शब्द सापडतो, तो मला आवडतो. ऊ किंवा जंत आपल्या जिवावर जगतात, पण आपल्याला मारून टाकत नाहीत. मारलं तर त्यांचंच घर जाईल. या माश्यांचं तसं नाही. आई दुसऱ्या कीटकाच्या अंड्यात, अळीत किंवा कोशात आपलं अंडं घालते, पिल्लू त्याला आतून किंवा बाहेरून खात वाढतं आणि शेवटी यजमान मरतोच. एका पिल्लाला बहुतेक वेळा एकच यजमान पुरतो. मोठी झाल्यावर ही माशी मांसाला तोंड लावत नाही म्हटलं तरी चालेल. काही जाती यजमानाच्या जखमेतला रस चाटतात, बाकीचा उदरनिर्वाह फुलातल्या मधावर आणि माव्याच्या चिकट गोडव्यावर.

या माश्या गांधीलमाशीच्या गोतावळ्यातल्या. गांधीलमाशी म्हटलं की आपल्याला वळचणीचं पोळं आणि सुजलेला गाल आठवतो. त्या पोळंवाल्या जाती या साऱ्या गोतावळ्यात मूठभर आहेत. बाकीच्या एकट्या राहतात, पोळं करत नाहीत आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत.

आपल्या परंपरेनं या कीटकांकडे फार जवळून पाहिलेलं आहे. ‘कीटक-भृंगी न्याय’ तुम्ही कीर्तनात ऐकला असेल. कुंभारीण माशी ओल्या मातीचं घर करते, अळी आणून आत ठेवते, तोंड लिंपून टाकते. काही दिवसांनी घर फुटतं आणि आतून अळीऐवजी माशी बाहेर पडते. माशीच्या गुणगुणण्याचा ध्यास लागून अळीच माशी झाली, तसा भक्त देवाचं ध्यान करता करता देवरूप होतो, असा तो दृष्टांत. मला इथे त्या निरीक्षणाचं मोल सांगायचंय. मातीचं घर, आत नेलेली जिवंत पण न हलणारी अळी, बंद केलेलं तोंड, बाहेर पडलेली माशी, यातलं काहीही चुकीचं नाही. डोळ्याला न दिसलेली एकच गोष्ट होती, आत घातलेलं अंडं. शास्त्राच्या काटेकोर भाषेत कुंभारीण ही शिकारी ठरते, कारण ती भक्ष्य उचलून घरी आणते. यजमान असेल तिथेच अंडं घालून निघून जाते ती परोपजीवी. दोघींचा वंश मात्र एकच.

चार्ल्स डार्विननं २२ मे १८६० रोजी आसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वरानं मुद्दाम जिवंत अळ्यांच्या अंगात राहून त्यांना खाण्यासाठी इक्न्युमॉनिड माश्या निर्माण केल्या असतील, हे माझं मन मानत नाही, असं त्यात आहे. त्याची व्यथा मला समजते. पण एवढी वर्षं या माश्या पाहिल्यावर मला त्यात क्रौर्य दिसेनासं झालंय, आणि दिसतं ते आईचं अतिशय नेमकं काम.

किती प्रकार असतील यांचे? एकट्या इक्न्युमॉनिड कुळात आजवर सुमारे २५,००० जातींना नावं मिळाली आहेत. पृथ्वीवरच्या सगळ्या पक्ष्यांच्या जाती मोजल्या तर साधारण ११,००० भरतात, म्हणजे हे एक कुळच त्यांच्या दुपटीहून मोठं. शिवाय ब्रॅकोनिड आहेत, कॅल्सिड नावाचा प्रचंड कुळसमूह आहे. सगळ्यांत जास्त जाती भुंगेऱ्यांच्या, असं आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. २०१८ साली काही अभ्यासकांनी हिशोब उलटा मांडला: प्रत्येक भुंगेऱ्यावर, प्रत्येक पतंगावर, प्रत्येक माशीवर स्वतःच्या अशा एक किंवा अनेक परोपजीवी माश्या असतात, मग या माश्यांचा गण भुंगेऱ्यांपेक्षा मोठाच असला पाहिजे. मला हा हिशोब पटतो. एका कढीपत्त्यावरची एक अळी घ्या. तिचं अंडं गाठणाऱ्या वेगळ्या, अळीला गाठणाऱ्या वेगळ्या, कोशाची वाट पाहणाऱ्या वेगळ्या. आणि त्या माश्यांच्या पिल्लांवर अंडी घालणाऱ्या आणखी वेगळ्या.

लहान आकाराची तर कमाल आहे. डायकोपोमॉर्फा नावाच्या एका जातीचा नर ०.१३९ मिलिमीटर लांब असतो, जगातला ज्ञात असलेला सगळ्यात छोटा कीटक. मेगाफ्रॅग्मा नावाची माशी ०.२ मिलिमीटरची, काही अमीबांहून लहान. तिच्या मेंदूत आणि मज्जासंस्थेत मिळून जेमतेम ७,४०० पेशी, आणि त्यातल्या बहुतेकांना केंद्रकच नाही. मधमाशीच्या मेंदूत जवळपास दहा लाख असतात. तरी ती एवढ्याशा भांडवलावर उडते, फुलकिड्याचं अंडं हुडकते.

एवढं लांब जायचं कारण नाही. तुमच्या घरातच बघा. काळीकुट्ट, लांब पायांची आणि पोटाचा छोटा झेंडा सतत वर-खाली हलवणारी एक माशी भिंतीवर, खिडकीच्या काचेवर दिसते. इव्हानिया तिचं नाव. लोक चपलेनं मारतात. ती माणसाला काही करत नाही. झुरळाची अंड्यांची तपकिरी डबी शोधत असते. एका डबीत १४-१५ अंडी, आणि तिचं एक पिल्लू ती सगळी फस्त करतं. रात्री ट्यूबलाइटभोवती नारिंगी-पिवळसर, कमरेशी बारीक, लांब मिशांची जी माशी भिरभिरते ती इक्न्युमॉनिड कुळातली, पतंगांच्या अळ्यांच्या मागावर असणारी.

आणि उंबर! ‘उंबर फोडून केंबरं काढू नयेत’ अशी म्हण आहे. मी आयुष्यभर तेच करत आले. उंबर फोडलं की आतून जी चिलटं उडतात त्यातली काही उंबराची परागवाहक असतात. त्यांच्याशिवाय उंबराला बीच धरत नाही. वडाची माशी निराळी, पिंपळाची निराळी. पण त्याच फळात आणखी माश्या असतात, ज्या आत न शिरता बाहेरूनच फळाच्या सालीतून लांब नळी घालून आतल्या पिल्लांच्या जिवावर अंडी घालतात. कच्चं उंबर किती कडक असतं, नखानं टोकरून पाहा. केसाहून बारीक नळी ते भोसकते कशी? बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की अपोक्रिप्टा नावाच्या अशा माशीच्या नळीच्या टोकाला जस्त असतं. सुताराच्या गिरमिटाला पोलादाचं टोक असावं तसं.

यजमान सापडतो कसा, हेही ऐकण्यासारखं आहे. अळी पान कुरतडायला लागली की झाड विशिष्ट वास सोडतं, आणि त्या वासावर माशी येते. नुसत्या कात्रीनं पान कापलं तर तो वास तसा येत नाही. अळीची लाळ लागावी लागते. मक्याच्या रोपांवर १९९० साली हे सिद्ध झालं. पुढची अडचण यजमानाच्या शरीरात. अळीचं रक्त परक्या अंड्याला वेढा घालून गुदमरवतं. त्यावर ब्रॅकोनिड आणि इक्न्युमॉनिड कुळांतल्या पुष्कळ माश्या अंड्याबरोबर एक विषाणू सोडतात, जो अळीची प्रतिकारशक्ती लुळी पाडतो. हा विषाणू माशीच्या स्वतःच्या गुणसूत्रांत वसलेला असतो आणि आईकडून लेकीकडे जातो. ब्रॅकोनिडांमध्ये ही सोबत सुमारे दहा कोटी वर्षांची आहे. एवढी नेमकी जुळणी एखाद-दुसऱ्या यजमानाशीच होऊ शकते. म्हणून अळीला जिवंत ठेवून तिच्या आत वाढणाऱ्या जाती निवडक असतात, आणि तो यजमान नसेल तर त्यांना दुसरं दार नसतं. हे लक्षात ठेवा, पुढच्या सगळ्या बोलण्याचा पाया तो आहे.

आता साष्टीचा, म्हणजे मुंबईची उपनगरं आणि ठाणं ज्या बेटावर वसलंय त्याचा, नकाशा डोळ्यांपुढे आणा. मधोमध संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं रान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर, त्याची पूर्वेची बाजू म्हणजे आपलं येऊर. उत्तरेला घोडबंदर रस्ता आडवा गेला, त्याच्या पलीकडे नागल्याचा तुकडा राहिला. मग खाडी, आणि खाडीपलीकडे तुंगारेश्वर. पूर्वेला शहर, ठाण्याची खाडी, काठाची तिवरं, आणि त्या अंगाला खाणींनी कोरलेला पारसिकचा डोंगर. १८५३ मध्ये पहिली आगगाडी ठाण्याला आली तेव्हा या सगळ्यांच्या मधे शेतं, बांध, आमराया आणि मिठागरं होती. रान सलग नसलं तरी एका हिरव्या जागेवरून दुसरी दिसत होती. आज तुकडे तेच आहेत, मधली जागा भरली. बिबळ्याला रस्ता ओलांडावा लागतो आणि तो गाडीखाली येतो, हे आपण बातम्यांत वाचतो. दोन मिलिमीटरच्या माशीची बातमी कोण देणार?

तुकडे पडले की कोण आधी जातं? आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात उतरंड असायची. तळाला रांजण, त्यावर घागर, त्यावर मडकं, असं करत सगळ्यात वर बोळकं. तळाशी झाड, त्यावर अळी, अळीवर माशी, माशीवर दुसरी माशी. झाडं हजार असली तरी अळ्या सगळ्यांवर नसतात, आणि अळ्या असल्या तरी प्रत्येक अळीपर्यंत माशी पोचत नाही. वर जावं तसे आकडे लहान होतात आणि वर्षागणिक जास्त हेलकावतात. तळाला धक्का बसला की आधी बोळकं पडतं.

हे १९९४ साली जर्मनीत फार साध्या पद्धतीनं दाखवलं गेलं. आंद्रेयास क्रुएस आणि टेजा चार्नट्के या दोघांनी लाल क्लोव्हरचे, म्हणजे आपल्या बरसीमच्या नात्यातल्या चाऱ्याचे, छोटे वाफे शेतशिवारात मुद्दाम एकाकी जागी लावले. त्या वाफ्यांवर पानंफुलं खाणारे कीटक बहुतेक सगळे पोचले. त्यांच्या मागावरच्या परोपजीवी जाती मात्र थोड्याच आल्या. एकाकी वाफ्यांत परोपजीवींचा मारा जवळच्या वाफ्यांच्या तुलनेत १९ ते ६० टक्केच राहिला. न पोचलेल्या जाती कोणत्या? ज्यांची संख्या मुळात थोडी आणि दरवर्षी बदलती होती त्या. वाफा दिसायला हिरवाच होता. खाणारे आले, खाणाऱ्यांना आवरणारे मागे राहिले.

पण सगळ्या माश्या एकाच मापाच्या नसतात, आणि या विषयातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट इथेच आहे. फिनलंडमध्ये ओलांड नावाचा बेटांचा समूह आहे. तिथे सुमारे ४,००० लहान-लहान कुरणं विखुरलेली आहेत आणि त्यांवर ग्लॅनव्हिल फ्रिटिलरी हे नारिंगी फुलपाखरू राहतं. इल्का हान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून ती कुरणं वर्षानुवर्षं पायी फिरून तपासली. या एकाच फुलपाखराच्या अळ्यांवर दोन माश्या आहेत. एक कोटेशिया. ती फार लांब जात नाही; कुरणं जवळ-जवळ असतील तिथेच टिकते, आणि कुरणं विरळ झाली की यजमान असूनही ती नाहीशी होते. दुसरी हायपोसोटर. ती लांब उडते आणि जवळपास सगळीकडे सापडते.

ही हायपोसोटर काय करते ते सांगते. फुलपाखरू दीड-दोनशे अंड्यांचा पुंजका पानाखाली घालतं. तिला त्यातल्या अळ्यांना गाठायचं असतं अंड्यातून बाहेर पडण्याच्या अगदी आधी, आणि ती संधी काही तासांचीच असते. म्हणून ती आधीच पुंजके शोधून ठेवते, कुठे आहेत ते लक्षात ठेवते आणि दिवसेंदिवस फेरी मारून तपासत राहते. वेळ भरली की साधारण एक तृतीयांश अळ्यांत अंडी घालते आणि पानावर खूण करून निघून जाते. बाकीच्यांना हात लावत नाही. आपल्या बाजारात भाजीवाली रोज एकाच आळीतून फिरते आणि कुणाच्या घरी कधी काय लागतं ते तिला ठाऊक असतं, तशी ही.

म्हणजे एकाच नकाशात एकीसाठी सगळी कुरणं मिळून एक गाव आहे, तर दुसरीसाठी प्रत्येक कुरण हे वेगळं बेट आहे. रस्ता काढताना, टॉवर बांधताना ‘दोन हिरव्या तुकड्यांत अंतर किती चालेल’ असा प्रश्न येतो, त्याला एकच उत्तर नसतं ते यामुळे.

वाऱ्यावर स्वार होणाऱ्यांची तर वेगळीच तऱ्हा. नामिबियाच्या वाळवंटात नदीकाठच्या उंबरवर्गीय झाडांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या परागवाहक माश्या, ज्यांचं आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचं असतं, त्यांनी १६० किलोमीटरवरच्या झाडापर्यंत पराग नेल्याचं आढळलं. ठाण्यातल्या रस्त्याच्या कडेच्या एकट्या उंबरालाही फळं धरतात ती या ताकदीमुळे. त्यामुळे रस्त्यावरचं एकटं-दुकटं उंबर, पिंपळ, वड तोडताना ‘एकटंच तर आहे’ म्हणू नका. वाऱ्यावरून येणारीला उतरायला ते लागतं.

जी येऊ शकत नाही तिचं काय होतं? इथे थोडं जनुकशास्त्र सांगावं लागेल, पण सोपं आहे. या गणात फलित अंड्यातून मादी होते आणि अफलित अंड्यातून नर. आई दर अंड्याला ठरवू शकते. एखाद्या तुकड्यात मादीला नरच भेटला नाही तर ती अंडी घालते, पण सगळे मुलगेच होतात. दुसरा धोका आणखी खोल आहे. ब्रॅकोनिड आणि इक्न्युमॉनिड कुळांतल्या अनेक जातींत मादी होण्यासाठी एका विशिष्ट जनुकाच्या दोन वेगवेगळ्या प्रती लागतात. तुकडा छोटा, माश्या थोड्या, भाऊबंदांतच लग्नं. मग दोन्ही प्रती सारख्या येण्याची शक्यता वाढते. तशा फलित अंड्यातूनही नर होतो, आणि पुष्कळ जातींत तो वांझ असतो. म्हणजे लेकी कमी, त्यातल्या काहींची गाठ वांझ नराशी, पुढच्या पिढीत लेकी आणखी कमी. घसरण सुरू झाली की तिला उतार मिळत जातो. तुमच्या हातातल्या बरणीतल्या जातीला हा त्रास नाही. कॅल्सिडांत एका कोशातल्या भावंडांचं मीलन रोजचंच आहे. सोसायट्यांच्या कुंड्यांवर ती टिकून आहे, पण रानातल्या तिच्या सगळ्या नातेवाइकांबद्दल तसं म्हणता येणार नाही.

आता येऊरला येऊ. पावसाळा सरताना पाटोणपाड्याच्या बाजूला गेलात तर सागाची पानं जाळीसारखी झालेली दिसतात. नुसत्या शिरा उरतात. ते एका छोट्या पतंगाच्या अळीचं काम. तसंच काही वर्षी पावसाच्या शेवटी खाडीकाठची तिवरं तपकिरी पडतात आणि लोक घाबरून फोन करतात की कुणी विष घातलं का. तीही एक अळी असते, हायब्लिया नावाच्या पतंगाची, जी सागही खाते आणि तिवरही. झाडं पुन्हा पालवतात. ही येरझार निसर्गात आहेच. पण ती आवरती राहते ती या अळ्यांच्या मागावरच्या माश्यांमुळे, पक्ष्यांमुळे, रोगांमुळे.

डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सी. एफ. सी. बीसन नावाचे कीटकतज्ज्ञ होते. सागाच्या लागवडीत अळ्यांचा उच्छाद होत होता तेव्हा, १९३० च्या दशकात, त्यांचा सल्ला असा होता: सागाखालची झुडपं सरसकट साफ करू नका, मधे नैसर्गिक रानाचे पट्टे राखा. कारण सागावरची अळी वर्षभर नसते. ती नसताना माशीला दुसऱ्या झुडपावरची दुसरी अळी लागते. ते झुडूप काढलंत तर माशी मधल्या महिन्यांत उपाशी मरते आणि हंगामात हजर राहत नाही. मला हा सल्ला आजच्या ठाण्याला जसाच्या तसा लागू वाटतो.

मी राहते त्या सोसायटीच्या मागे एक मोकळी पट्टी होती. टाकळा, आघाडा, एकदांडी, रुई, कुंपणावर तोंडलीचा वेल. पावसात टाकळ्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या यायच्या आणि काही अळ्यांच्या बाजूला पांढरे, कापसाच्या बोळ्यांसारखे बारीक कोश दिसायचे. ते ब्रॅकोनिड माश्यांचे. मी विद्यार्थ्यांना तिथे आणत असे. एका मे महिन्यात ती पट्टी साफ करून तिथे हिरवळ अंथरली, कडेनं एकाच जातीची शोभेची झुडपं लावली. मी सभेत बोलले. ‘मॅडम, साप येतात’ असं उत्तर मिळालं. पुढच्या पावसात त्या हिरवळीवर एकही फूल नव्हतं. माशीला यजमान लागतो तसा मधही लागतो, आणि तिचं तोंड आखूड असल्यामुळे खोल फुलांचा उपयोग नाही. बडीशेप, कोथिंबीर, एकदांडी, तुळशीच्या मंजिऱ्या अशी उथळ फुलं लागतात. शोभेची बहुतेक झुडपं तिच्या दृष्टीनं कागदाचीच.

धुराच्या फवारणीविषयी विचाराल म्हणून आधीच सांगते. डेंग्यू ही खरी भीती आहे आणि डासांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण धुरानं त्या घटकेला उडत असलेले कीटक मरतात. पाण्यातली डासाची अळी तशीच राहते. कूलरचं, कुंडीखालच्या ताटलीचं, गच्चीवरच्या टायरातलं पाणी दर आठवड्याला ओतून देणं याला तोड नाही, आणि त्यात माशी मरत नाही.

या माश्या आपल्या किती कामाच्या, हे शेतकऱ्याला विचारा. ट्रायकोग्रामा नावाच्या माशीची ‘ट्रायकोकार्डं’ उसात, मक्यात, भातात पानाखाली टाचतात. एका कार्डावर सुमारे २०,००० परोपजीवित अंडी असतात. आणि पपईवरचा पिठ्या ढेकूण आठवतोय का? तो २००८ मध्ये कोइमतूरला दिसला आणि पाहता पाहता महाराष्ट्रातही पसरला. औषधं मारून लोक थकले. २०१० मध्ये प्युर्टो रिकोहून तीन जातींच्या माश्या आणल्या गेल्या आणि त्यातल्या अॅसेरोफॅगसनं तो ढेकूण आटोक्यात आणला. ज्या यजमानावर ती बेतलेली होती त्याच्यासाठी समुद्रापलीकडून तिला आणावी लागली. आपल्या डोंगरात अशा किती नेमक्या जोड्या आहेत, ज्यांना अजून नावंही नाहीत! केरळात टी. सी. नरेंद्रन यांनी आयुष्यभर कॅल्सिड माश्यांवर काम करून कितीतरी नव्या जातींचं वर्णन केलं. एका माणसानं बसून पाहिलं तर किती निघतं, याचा तो पुरावा आहे. साष्टीला असा माणूस मिळाला पाहिजे, आणि या सभागृहात पंधरा-सोळा वर्षांची मुलं बसली आहेत म्हणून मी हे आवर्जून बोलतेय.

सुरुवात करायला पैसे लागत नाहीत. एक पिवळी प्लास्टिकची वाटी घ्या. तळाला पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, म्हणजे पृष्ठताण मोडतो आणि कीटक बुडतो. सकाळी गवताच्या उंचीला ठेवा, संध्याकाळी गाळा, भिंगाखाली बघा. पिवळ्या रंगाकडे या माश्या ओढल्या जातात. एकदा सोसायटीच्या हिरवळीवर ठेवा, एकदा तिच्या कुंपणाबाहेर टाकळ्यात, आणि तारीख लिहून दोन्ही वाट्या शेजारी-शेजारी बघा. वर्षातून चार-पाच वेळा, त्याहून जास्त नाही, कारण त्यात जीव जातात. आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय काहीही पकडायचं नाही. येऊरला गेलात तर नुसतं बघा. सागाच्या एका जाळीदार पानापाशी अर्धा तास उभं राहिलात तरी पुरे.

(प्रश्नोत्तरांत आठवीतल्या एका मुलानं विचारलं: कोशातून फुलपाखरूच यावं असं वाटत असेल तर त्या माशीला हाकलायचं का?)

छान विचारलंस. त्या रात्री टॉर्च हातात असताना माझ्याही मनात ते आलं होतं. मी नाही हाकललं. पाच अळ्यांपैकी दोन शिंपी पक्ष्यानं नेल्या. दोन कोशांतून फुलपाखरं निघाली, एक तर माझ्या समोर पंख वाळवत तासभर बसलं होतं. पाचवा कोश या बरणीत आहे. पाचही अळ्या वाचल्या असत्या तर माझा कढीपत्ता उरला नसता, पण ते कारण खरं नाही. खरं कारण एवढंच की ती रात्रभर थांबली होती.

बरणी शेवटच्या रांगेपर्यंत पोचली का? आता पुढे आणा. यांतल्या माद्यांचं मीलन झालंय आणि त्यांच्याकडे दिवस थोडे आहेत. सभागृहाच्या मागे बेलाचं झाड आहे, त्यावर याच फुलपाखराच्या अळ्या असतात. चल, तू आणि मी जाऊन फडकं तिथे सोडू.